टाळ्यांचं काम

आक्का विश्रामगृहाच्या मागच्या दाराने आली, कारण पुढच्या दारात पोलीस होता आणि पोलिसाला ओळख सांगायची तिला लाज वाटत होती. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती. सकाळचे आठ वाजले होते आणि चैत्राचं ऊन तेव्हाच अंगाला चिकटायला लागलं होतं.

"सायेब उठलं काय रं?"

"उठलेत. पेपर वाचतायत. तू आत्ता कशाला आलीस? संध्याकाळी सभेला येणारच होतीस ना?"

"तवा कुठलं बोलायला गावतंय तुझ्यासंगं. ही पानं दे त्यास्नी. कालच्या खुडणीतली हाईत." तिने फडकं माझ्या हातात दिलं आणि पदराने तोंड पुसलं. "मला एवढंच सांग भूपाल. पान जाणार का बंद हुणार?"

हा प्रश्न ती तीन आठवडे विचारत होती. आधी पोस्टकार्डावर, मग दिल्लीच्या नंबरावर ट्रंक कॉल लावून, आणि आता समोर उभी राहून.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चंपाबाई. मेहुणे गेल्यापासून बोरगळमधला अकरा गुंठ्यांचा पानमळा ती एकटी बघत होती. आमच्या भागात पानाला मरण नाही असं लोक म्हणायचे, पण ते कोवळ्या, पातळ पानाला. आक्काच्या जमिनीत यायचं ते थोराड, काळपट, हाताएवढं पान. त्याला आम्ही फापडा म्हणतो. ते इकडे कुणी तोंडात घालत नसे. ते आवडायचं कराचीच्या लोकांना. मिरजेहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून बोटीने कराची, असा त्या पानाचा प्रवास. आठव्या दिवशी पान सडतं, त्यामुळे बोट चुकली की सगळं उकिरड्यावर. बोरगळमध्ये अशी चाळीसेक घरं होती. ज्या देशाच्या नावाने आमची पोरं चौकात बोंब मारायची, त्याच देशाने आमच्या गावातल्या चाळीस चुली पेटत्या ठेवल्या होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

त्या वर्षी सीमेवर गोळीबार सुरू झाला. आमच्या शेजारच्याच गावातला एक जवान त्यात गेला. सगळीकडून एकच मागणी सुरू झाली, त्या देशाशी व्यापार बंद करा. आणि व्यापाराचं खातं होतं आमच्या साहेबांकडे. रत्नाकरराव इंगवले, आमचेच खासदार, दिल्लीत मंत्री. मी त्यांचा स्वीय सहायक.

"जाणार," मी आक्काला सांगितलं. "साहेब आज सभेत तेच बोलणार आहेत. भाषण मीच लिहिलंय. तुझं वाक्य आहे त्यात."

"माझं?"

"म्हणजे पानाचं."

ती हसली नाही. नुसती मान हलवली आणि म्हणाली, "मग मी मळ्यातल्या बायकास्नी घिऊन येते. चार माणसं जास्ती दिसलेली बरी." आणि आली तशी मागच्या दाराने गेली. चहा घे म्हटलं तर थांबली नाही.

मी पानं साहेबांना नेऊन दिली. ते बनियनवर आरामखुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावर. एक पान उजेडाकडे धरून त्यांनी बघितलं.

"मोठं आहे हो."

"कराचीला हेच लागतं, साहेब."

"त्यांची तोंडं मोठी असतील." स्वतःच्याच विनोदावर ते जरासे हसले आणि पान ठेवून दिलं. "मगदूम, फाईलवर दोन टिपणं आहेत. एकात सगळंच बंद. दुसऱ्यात नाशवंत माल चालू ठेवायचा, बाकी बंद. दोन्ही टिपणं उत्तम लिहिलेली आहेत. दोन्हींवर सही करता येते. म्हणून तर पंचाईत आहे."

"आपण दुसऱ्यावर करणार होतात ना?"

"करणारच आहे. पण आधी वाक्य टाकून बघू. लोकांनी झेललं तर सोमवारी सही. अहो, शेजाऱ्याला काय द्यायचं न् काय नाही हे दिल्लीत ठरत नाही. दिल्लीत ते फक्त टाईप होतं."

हे ते थट्टेने म्हणत नव्हते. त्यांच्याजवळ सहा वर्षं काढल्यावर मला त्यांची रीत पाठ झाली होती. धोरण आधी सभेत बोलायचं. टाळ्या पडल्या की ते धोरण. नाही पडल्या तर दुसऱ्या दिवशी खुलासा, की माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला.

आणि टाळ्या हे माझं खातं होतं. पगारपत्रकावर मी स्वीय सहायक, पण सभेत माझं काम एकच. व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं, साहेबांकडे बघायचं. साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला की मी टाळी वाजवायची. गर्दीत चार जागी आमची चार माणसं बसलेली असायची, ती माझ्याकडे बघत. मी वाजवली की ते वाजवायचे, त्यांनी वाजवली की मैदान वाजायचं. लोक वाईट नसतात. कुणीतरी सुरुवात करायची वाट बघत असतात, एवढंच. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. मला त्याचा अभिमान होता, हे सांगायला आज लाज वाटते, पण होता.

सभा साडेचारला, बोरगळच्या हायस्कूलच्या पटांगणावर. मंडपवाल्याने विजेचं कनेक्शन शाळेतून घ्यायचं म्हणून शाळेला पाठ करून व्यासपीठ बांधलं होतं. त्यामुळे बोलणाऱ्याचं तोंड थेट पश्चिमेला. ऊन सरळ साहेबांच्या डोळ्यांत. मी मंडपवाल्याला शिव्या घातल्या, पण व्यासपीठ काही फिरवता येत नाही. गर्दी मात्र तुफान होती. पुढच्या रांगेत गेलेल्या जवानाचे वडील बसवले होते. पांढरी टोपी, हात मांडीवर. उजवीकडे पोरांचा घोळका, झेंडे घेऊन. आणि पार मागे, कडुनिंबांच्या सावलीत, बायका. त्यात आक्काचं हिरवं लुगडं मला दिसलं. आजूबाजूला मळ्यातल्या पंचवीस-तीस बायका होत्या.

साहेबांनी रस्त्यापासून सुरुवात केली, मग पाणी, मग साखर. दोनदा चष्मा काढला, दोनदा मी वाजवली, दोनदा मैदान वाजलं. मग ते जवानावर आले. तिथे चष्मा काढायचा नाही असं ठरलं होतं आणि त्यांनी काढला नाही. मैदान चिडीचूप झालं.

आणि मग माझा परिच्छेद आला. तो मी चार वेळा लिहून काढला होता. आधी विरोधकांचं म्हणणं मांडायचं, थांबायचं, आणि मग त्याची उलटतपासणी घ्यायची. कागदावर असं होतं: काही लोक मला सांगतात, साहेब, त्या देशात आपलं एक पानसुद्धा जाऊ देऊ नका. इथे थांबायचं. मग: मी त्यांना विचारतो, हे पान कुणाचं? ते माझ्या आयाबहिणींच्या घामाचं. ते जाणार! आणि तिथे चष्मा.

साहेब म्हणाले, "काही लोक मला सांगतात, साहेब, त्या देशात आपलं एक पानसुद्धा जाऊ देऊ नका."

थांबले. कपाळावरून घाम निथळत होता. घामाची धार डोळ्यात उतरली असावी, कारण त्यांनी चष्मा काढला आणि दुसऱ्या हाताने डोळे चोळले.

माझे हात वाजले.

मी विचार केला नाही. सहा वर्षं चष्मा हातात दिसला की हात वाजायचे, तसे वाजले. दुसरी टाळी देतानाच मला कळलं. पण तोवर चार कोपऱ्यांत चारही जण सुरू झाले होते आणि उजवीकडचा पोरांचा घोळका उठून उभा राहिला होता. झेंडे वर गेले. घोषणा सुरू झाल्या. मागे बायकांकडूनही टाळ्या येत होत्या. असा कडकडाट मी त्या पटांगणावर आधी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेत जवानाचे वडील तेवढे तसेच बसून होते, हात मांडीवर.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांच्या एका हातात चष्मा होता आणि चष्म्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य वाचता येत नव्हतं. वक्त्याला चिठ्ठी द्यायची आमच्यात पद्धत आहे. माझ्या खिशात चिठ्ठ्यांचं पॅड होतं, पेन होतं. दहा पावलं चालून 'पुढचं वाक्य घ्या' एवढं लिहून मी देऊ शकलो असतो. मी जागचा हललो नाही. टाळ्या सुरू करायच्या हे माझं काम होतं, थांबवायच्या कशा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मी घाबरलो.

साहेबांनी कागदाची घडी केली.

"नाही जाणार!" ते म्हणाले. "एक पानसुद्धा नाही जाणार!"

पुढचं भाषण त्यांनी कागदाशिवाय केलं आणि ते फार चांगलं झालं.

परतताना गाडीत साहेब मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मिरजेचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"मगदूम."

"जी साहेब."

"तुम्ही वाचवलंत मला आज. मी ते दुसरंच वाक्य घेऊन निघालो होतो. घेतलं असतं तर पोरांनी व्यासपीठ मोडलं असतं. तुम्हाला माझ्या आधी अंदाज आला."

मी म्हणालो, "साहेब, ते…"

"बोला की."

आता सांगावं. अंदाज नव्हता, चूक होती. तुम्ही घाम पुसलात आणि मला वाटलं खूण केलीत. तोंडापर्यंत आलेलं वाक्य होतं. पण साहेब कौतुक फार क्वचित करायचे, आणि सहा वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात घालवायचं माझ्या जिवावर आलं.

"पानमळेवाल्यांचं काय होणार, एवढंच विचारत होतो," मी म्हणालो.

साहेब दमले होते. आवाजही बसला होता.

"कुणाचं तरी जायचंच होतं हो. कांद्याचं गेलं असतं, कापसाचं गेलं असतं. आज भाषणात पान होतं, म्हणून पानाचं गेलं." मग म्हणाले, "मी पोरांच्या टाळ्यांवर नाही गेलो, मगदूम. पोरं कशालाही ओरडतात. तुमची ती चार माणसं काय करतात तेही मला माहीत आहे. पण मागच्या बायकांनी वाजवल्या, बघितलंत? तिथे आपला माणूस नव्हता. बायका वाजवतात ते मनापासून. पानमळ्याच्या गावातल्या बायकाच बंद करा म्हणत असतील, तर मी कोण चालू ठेवणारा?"

मी काचेतून पुढचा रस्ता बघत राहिलो.

"दोन महिन्यांत निवळेल सगळं," ते म्हणाले. "मग उघडू परत."

सोमवारी दिल्लीत टिपण मीच टाईप केलं. साहेब सांगत होते, मी बडवत होतो. 'जनभावनेची तीव्रता विचारात घेऊन, विशेषतः उत्पादक क्षेत्रातील महिलांनी दिलेला उत्स्फूर्त पाठिंबा पाहता, नाशवंत मालासह सर्व निर्यात थांबविण्यात यावी.' 'उत्स्फूर्त' हा शब्द टाईप करताना माझी बोटं अडखळली, म्हणजे आपोआप वाजणारे हात आणि अडखळणारी बोटं एकाच माणसाची होती. तिथेही मी बोलू शकलो असतो. साहेबांनी चष्मा लावून एकदा वाचलं आणि सही केली. एका मिनिटाचंसुद्धा काम नव्हतं.

दोन महिन्यांत काही निवळलं नाही. निवळायला चार वर्षं लागली. तोवर सरकार बदललं होतं, साहेब पडले होते आणि कराचीच्या लोकांनी दुसऱ्या मुलखातलं पान खायची सवय करून घेतली होती. त्यांचं तरी काय अडलं होतं?

पण मला सांगायचंय ते सभेच्या वर्षीच्याच भाद्रपदातलं. रजा काढून मी बोरगळला गेलो. घरी कुलूप होतं, म्हणून मळ्याकडे वळलो.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. वेल देवाची, असं आमच्याकडे मानतात. कडक उन्हाळ्यातही आत शिरलं की गारवा लागायचा, डोक्यावर पानांचं छत असायचं, पायाखाली पाटाचं पाणी. मी सवयीने बांधावर बूट काढले आणि वर बघितलं तर वर आभाळ होतं. वेल ज्या शेवरीच्या झाडांवर चढवतात ती सगळी झाडं तोडून आडवी पडली होती. वेल जमिनीवर, पानं सुकून काळी झालेली. आक्का उकिडवी बसून विळ्याने बुंधे मोकळे करत होती. अनवाणी. तिच्या चपला माझ्या बुटांशेजारीच बांधावर होत्या.

"आलास?" ती म्हणाली. "बस की. खाली वल हाय, त्या दगडावर बस."

मी बसलो. विचारलं, "इथं काय लावणार?"

"हळद लावावी म्हणत्यात. बघू. ही जमीन साफ हुस्तवर पाऊस जाईल बघ." तिने एक वेल ओढून बाजूला टाकली. तिच्या लग्नाच्या आधीपासूनचा मळा होता. सासूने लावलेला. तो लावायला तीन वर्षं लागतात, तोडायला तिला अकरा दिवस पुरले होते.

गप्प बसवेना म्हणून मी बोलायला लागलो. वाटेत एसटीत घोकून ठेवलं होतं तेच. साहेबांच्या मनात नव्हतं गं. कागदावर सगळं बरोबर लिहिलं होतं. पण लोकांनी पुढचं बोलूच दिलं नाही. टाळ्याच अशा पडल्या, पोरं उठली, साहेबांचा नाइलाज झाला. लोकांपुढे कुणाचं चालतं?

आक्का विळा चालवत होती. माझं संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "लोकं मागनं. आदी टाळ्या तुझ्या हुत्या."

मी समोरची एक सुकलेली वेल उचलून हातात घेतली.

"मी तुझ्याकडंच बघत हुते की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाजाराला जाऊन आल्याचं सांगावं तसं सांगत होती. "त्यो भोंगा पोरांच्या अंगाला तोंड करून बांधलेला. आमास्नी निस्ता घों घों आवाज. काय म्हणत्यात कळत न्हवतं. मग तू वाजवल्यास. म्हटलं, माजा भाऊ वाजवतोय म्हंजे आपलं वाक्य आलं. मीबी वाजवल्या. आन् बायकास्नी म्हटलं, वाजवा गं, वाजवा, पान जाणार! तर समद्या वाजवायला लागल्या. त्या पार्वतीनं तर पिशवी खाली टाकून वाजवल्या."

 गाडीतलं साहेबांचं बोलणं कानात होतं, आणि टाईप केलेला तो शब्द. त्या तीस बायकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःचे मळे बुडवले होते, आणि त्यांना कुणी पैसे देऊन बसवलं नव्हतं. त्यांना वाजवायला मी लावलं होतं.

"काय म्हणलं हुतं रं तवा सायबानं?" आक्काने विचारलं. "आजवर कुणाला इचारलं न्हाई मी."

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला. एक पानसुद्धा जाऊ देऊ नका. आणि मग चष्म्याची खूण, घाम, माझे हात, गाडी, टिपण, सगळंच सांगून टाकलं. साहेबांना जे सांगायची हिंमत झाली नाही ते चिखलात बसलेल्या बहिणीला सांगितलं, तेही पाच महिन्यांनी, मळा तोडून झाल्यावर. माझं सांगून झालं तेव्हा ती उठली आणि पाटात हात धुऊन आली.

"हे गावात कुणास्नी बोलू नगंस," ती म्हणाली.

"का?"

"बायका अजून माझ्यावर डोळं वटारत्यात. तू कशाला वाजवायला लावल्यास म्हणत्यात. पार्वती तर बोलत न्हाई." तिने पदराला हात पुसले. "मी सांगितलंय, माझ्याच ऐकण्यात काय तरी आलं. तुझं नाव घेतलं न्हाई. सायबाजवळची नोकरी हाय तुझी, लोकं घरावर आली असती."

मग ती परत खाली बसली, आणि पुढचा बुंधा धरून मला म्हणाली, "आलाईस तर ह्यो जरा वडू लाग. माझ्या एकटीच्यानं निघंना झालाय."